पंचविसावा

चोवीस जागा. आमचा नंबर पंचवीस.

कागदावर त्याचं नाव भारदस्त आहे,
मालकाच्या सासूने ठेवलेलं.
थानावर तो नुसता बटण,
कपाळावर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका म्हणून.

पहाटे पावणेचारला वॉर्नाम्बूलच्या वाळूवर
मी त्याला पाण्यात नेते.
खाली बर्फापर्यंत मधे काही नाही,
ते पाणी गुडघ्यांना लागलं की तो फुरफुरतो, रुसतो,
मग मानेपर्यंत शिरतो
आत कुणी ओळखीचं राहत असल्यासारखा.
घोडं आमचं रोज न्हातं.
गंगा तेवढी यायची आहे.

थेट आत घेणाऱ्या शर्यती मोजक्या.
त्यातल्या एकीत तो हरला, नाकाएवढ्या अंतराने,
आणि ते नाकही मीच पुसलं होतं सकाळी.
उरली यादी. यादीत वर चढायला जिंकावं लागतं,
जिंकलं की खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या वाढतात,
नाही जिंकलं तर पट्ट्या कमी, आणि तुम्ही घरी.
नेमकं किती जिंकावं
हे घोड्याला सांगायची भाषा
सत्तावीस वर्षं मोतद्दारी करून मला आली नाही.

ट्रेवेला बोलत नाही. घड्याळ दाबतो.
मंगळवारी शेवटचे सहाशे मीटर बटण असा आला
की त्याने घड्याळ दोनदा पाहिलं
आणि खिशात टाकलं, चोरल्यासारखं.
रेवी सहा दिवस उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर आहे,
गरम पाण्याच्या टबात बसून घाम काढतो,
न मिळालेल्या जागेसाठी.
डॉक्टरांनी चारी पायांच्या आतली चित्रं काढली,
सिमेंटवर दुडक्या चालीने नेऊन आणलं,
कान लावून खुरांचा ताल ऐकला.
सगळं ठीक. तोबरा चाटूनपुसून.
घोडा इथे. मैदान तिथे.

तिथेच, तपासणीच्या रांगेत,
अकरा नंबरचा मोतद्दार भेटला. इत्सुकी.
होक्काइदोहून घोड्याबरोबर विमानात उभा राहून आलेला.
पायाला हात लावण्याआधी
तो तळवे काखेत धरून ऊब आणत होता.
मीही तसंच करते. दोघं हसलो.
एवढीच ओळख.

शनिवारी यादी लागली. पंचवीसच.
कुणी गळलं तर तुम्ही, म्हणाले,
मंगळवारी सकाळी साडेसातपर्यंत.

तीन रात्री मी ती चोवीस नावं वाचली.
कुणाला ताप यावा? नको, ताप पसरतो.
खोकला? बरा होतो तासात.
सूज. छोटीशी सूज यावी एखाद्या पायाला.
मरू नये, मोडू नये,
नुसती बोटाला कळेल इतकी.
असं मागत होते मी,
जिने शिंगरांच्या बाळंतपणात
रात्र रात्र गवतात काढलीय.
कुणाकडे मागत होते, माहीत नाही.
ज्याच्याकडे मागितलं तो जागा होता एवढं खरं.

सात वाजून दहा मिनिटं. ट्रेवेलाचा फोन.
"अकरा बाहेर. पुढचा डावा.
खोगीर काढ."

रेवी ओरडला, अंगणात दोन उड्या मारल्या,
मालकाची सासू फोनवर रडली म्हणे.
मी थानात गेले.
तळवे काखेत धरले, बराच वेळ, हवे होते त्याहून जास्त वेळ,
मग बटणच्या पुढच्या डाव्या पायावरून
गुडघ्यापासून खाली हात फिरवला.

गार.
पुन्हा पाहिलं. गार.

त्याने माझ्या पाठीवर नाक घासलं,
साखर कुठेय, एवढंच विचारत.
बाहेर ट्रेलरची फळी पडल्याचा आवाज झाला.
वाटेत वेरिबी लागतं. तिथल्या विलगीकरणाच्या पागेत
एक माणूस बर्फाची बादली घेऊन बसला असेल.
ट्रेलर थांबणार नाही, वेळ नाही.
थांबला असता तरी
मी खाली उतरून काय म्हणाले असते?