विषय क्रमांक चार

शिक्षक-पालक संघाचा अध्यक्ष
नियमानंच मुख्याध्यापक असतो.
उपाध्यक्ष पालकांतला.
अध्यक्ष खुर्चीवर बसतो,
उपाध्यक्ष खुर्च्या मांडतो.

मला निवडलं त्या सभेला मी नव्हतेच.
तासगावच्या बाहेर, बेदाण्याच्या शेडवर
देठ काढत बसले होते,
हिरवा एकीकडे, डागी दुसरीकडे.
नाही म्हणायला तिथं मी नव्हते,
म्हणून एकमत झालं.

लोंढे बाईंनी वही हातात दिली
आणि शिकवलं: विषय, चर्चा, ठराव,
सूचक, अनुमोदक.
सूचक कोण, विचारलं
की सगळे चपला शोधायला लागतात.
मग मीच लिहिते,
सूचक अनिस मुजावर, अनुमोदक सुनंदा ऐवळे.
दोघंही तेव्हा चहा वाटत असतात.

पालक एकशे बेचाळीस. हजर अकरा.
सह्या एकोणचाळीस.
राहिलेल्या सह्या पोरं घरून आणतात.
झांबरेची सही त्याच्या पोरानं केलीय, पाचवी ब.
झची शेपटी तो निबंधातही अशीच गुंडाळतो.
बाप ट्रक घेऊन हुबळीला, आई रात्रपाळीला.
घरात जो जागा असतो त्याची सही.
मी मोजली.

विषय क्रमांक चार:
मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही.
एकीनं आत जायचं, एकीनं बाहेरून दार धरायचं.
जिची जोडीदारीण त्या दिवशी आली नाही
ती सकाळपासून पाणी पीत नाही.
हे मला शिफानं सांगितलं,
माझ्याकडे पाठ करून, ताटं पुसत.

जुलैच्या सभेत निधी नव्हता.
ऑगस्टमध्ये, अनुदान आल्यावर बघू.
मग गणपती, सभा तहकूब.
मग कुणीतरी म्हणालं, तीन दरपत्रकं लागतात,
एका कडीला तीन.
डिसेंबरात स्नेहसंमेलन,
दीड तास ताशा की डीजे.
डीजे जिंकला.
जानेवारीत मागच्या बाकावरचे एक गृहस्थ
इतके दिवस गप्प बसलेले, उठले:
कडी लावली आणि एखादी आत अडकली म्हणजे?
जबाबदार कोण?

मी.

असं चर्चेत लिहीत नाहीत हो मुलाणी वहिनी,
लोंढे बाई हळूच म्हणाल्या.
मी शाई वाळू दिली.

शनिवारी मजुरी मिळाली.
कडी पंचावन्न रुपयांची, स्क्रू वेगळे.
कुंभोजकर सरांनी घरून पेचकस आणला होता,
रुमालात गुंडाळून, चोरीचा माल असल्यासारखा.
दार मी धरलं.
चार स्क्रू दातात धरून, गुडघ्यावर बसलेला अध्यक्ष
मी पहिल्यांदा पाहिला.
त्यांच्या टकलावर घामाचे थेंब,
एक स्क्रू वाकडा गेला, परत काढला.
पावती कशात दाखवायची, ते स्क्रूंमधूनच म्हणाले.
विषय चारमध्ये, मी म्हटलं,
आणि आम्ही दोघंही हसलो, उगाचच, जरा जास्त.

मग मी आत गेले. कडी लावली.
फिनेलचा वास. वरच्या झरोक्यातून
वहीच्या पानाएवढं ऊन.
डोळे सरावल्यावर दिसलं,
दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं:
सोमवार तबस्सुम.
मंगळवार ऋतुजा.
बुधवार शिफा, शिफा नसेल तर आर्या.
शनिवारी अर्धी शाळा, तरी दोघी.

सूचक नाही. अनुमोदक नाही.
एक वार रिकामा नाही.

बाहेरून सर म्हणाले,
उघडते का बघा.

उघडत होती.
मी थोडा वेळ उघडली नाही.