चौसष्ट रिकामी घरं

लहू मास्तरांच्या वाद्यवृंदात मी झांजेला होतो.
माझ्या कागदावर सूर कमी, रिकामी घरं जास्त.
चौसष्ट घरं गप्प बसायचं,
पासष्टाव्यात उठून एकदाच
पितळेवर पितळ,
की परत खुर्चीत.

म्हणून सांगतो, त्यांना सगळ्यात जास्त मी पाहिलंय.
व्हायोलिनवाले तारांत गुंतलेले,
क्लॅरिनेटचे डोळे मिटलेले,
मी मोकळा. मोजत,
त्यांच्या हाताकडे बघत.

हातात काडी, उसाच्या तुऱ्याची.
दिवाळी सरली की वडणग्याच्या रानात जाऊन
स्वतः निवडायचे. बोटावर आडवी धरून तोल बघायचे,
चाळीस टाकून एक घ्यायचे.
मळेवाला म्हणायचा, अख्खी मोळी न्या की मास्तर.
हे म्हणायचे, एका वेळी एकच हलते, बाबा.

घराणं सनईचं.
पण नवव्या वर्षी हे संस्थानच्या बँडात,
चिंच आणि राख घेऊन भोंगे घासायला.
परेरा मास्तरांनी रेघांवरचे सूर शिकवले
आणि पोर्तुगीज शिव्या.
त्या शेवटपर्यंत पाठ होत्या,
अर्थासकट नाही, तालासकट.

संस्थान विलीन झालं. वाद्यांची यादी झाली, सह्या झाल्या.
सगळ्यात मोठा भोंगा एका गुळाच्या व्यापाऱ्यानं नेला,
त्यात म्हणे पावट्याचं बी ठेवायचा.
मास्तरांच्या वाट्याला लाल कोट.
मग बारा वर्षं स्टुडिओ.
पडद्यावर घोडी त्यांच्या काडीवर पळायची,
नाव मात्र पडद्यावर आलं नाही.
स्टुडिओवाले मुंबईला निघाले, म्हणाले, चला.
"माझी माणसं संध्याकाळी सहाला सुटतात,"
एवढंच बोलले.

माणसं म्हणजे आम्ही:
चपलांच्या वेण्या घालणारा बाळू, चेलोवर,
म्हशी पिळून येणारा हिंदुराव,
त्याच्या हॉर्नला धारोष्ण वास,
कोर्टातले दोन कारकून, एक शिंपी,
आणि मी, काहीच न येणारा.

पॅलेस थिएटरातली ती रात्र.
तिसऱ्या भागात सगळ्यात हळू जागा आली
आणि भिंतीपलीकडे खासबागेत
कुणीतरी कुणाला ढाक लावली असावी.
हजारो गळे एकदम उठले.
मास्तरांचा हात वर होता.
तो खाली आलाच नाही.

गोंगाट ओसरेपर्यंत
ती काडी हवेत, जरासुद्धा न थरथरता,
आणि बावीस माणसांचा श्वास तिच्या टोकाला.
मी मोजत राहिलो.
अकरा घरं. कागदावर नसलेली.

पुढं काय झालं ते अजून कानात आहे:
व्हायोलिनं कुजबुजत असताना
मी उठलो आणि वाजवलं.
अकरा घरं आधी.
पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांची टोपी पडली.

मास्तरांनी मान वळवली नाही.
नंतर चहाच्या गाड्यावर, बशीत फुंकर घालत म्हणाले,
"तू ती मधली अकरा धरलीस व्हय रं?"
मी मान खाली.
"मीबी धरली हुती.
वाजवायला कुणालाही येतंय, लेका."
पैसे त्यांनीच दिले.

शेवटी उजवा हात गेला.
मंगळवार पेठेतल्या खोलीत पलंग खिडकीशी,
खिडकीत तांब्या, तांब्यात गेल्या साली आणलेली काडी,
वाकलेली.
वहिनी म्हणाल्या, बोलत नाहीत, बसा नुसतं.

बसलो.
बाहेर रिक्षा, पाण्याच्या टँकरचा भोंगा, कुणाचीशी हळद.
चादरीवर डाव्या हाताची दोन बोटं
हलताहेत असं वाटलं.
वाटलं नाही, हलत होती. तिसरा भाग.
मी मोजायला लागलो.

साठ.
एकसष्ट.
टँकर गेला, ते घर धरलं नाही.
त्रेसष्ट, चौसष्ट,
आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

झांज घरी, पोत्यात.
मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही तळवे
आवाज न करता एकमेकांवर टेकवले.

नमस्कार समजले की झांज,
कळलं नाही.
बोटं पुढच्या घरात गेली होती.