उन्हाची पट्टी

चैत्रापासून मी नुसती डोळे होते.
पांढरा स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे,
स्कूटीच्या आरशात एक दरोडेखोर बाई
सेलूच्या मोंढ्यातून पंचायत समितीकडं निघालेली.

आज सकाळी सीटवर दव होतं.
बोटानं पुसलं,
आणि स्कार्फ डिकीतच राहू दिला.

फरजानाच्या पार्लरात उंबऱ्यापर्यंत
सोयाबीनचा भुसा उडून आलेला,
आरशाला नऊ रंगांची यादी चिकटवलेली.
उद्या करडा.
‘करडा तर डोक्यावरच आलाय की तुमच्या,
डाय लावते, दहा वर्षं उतरतील.’
उतरून कुठं जातील,
कुणाच्या डोक्यावर बसतील, काय की.

मग तिनं माझी हनुवटी उजेडाकडं वळवली.
डोळ्यांभोवती रापलेली पट्टी, मधोमध,
वर कपाळ फिकं, खाली गाल
कोऱ्या वहीसारखे.
‘अग्गंबाई, हे काय करून घेतलंत! ब्लीच करू?’
राहू दे म्हणाले.
एवढंच तर मी उन्हाळाभर जगाला दाखवलं होतं.
केस तेवढे काप, कानाच्या वर.

कात्री थांबली तेव्हा
पर्समधून झुमके काढले,
मे महिन्यात घेतलेले, मोठे, काळपट,
स्कार्फमध्ये अडकतात म्हणून एकदाही न घातलेले.
मान हलवली. वाजले.

गेटवर केरबानं हात आडवा केला.
‘कुणाला भेटायचंय, मॅडम?’
‘ढवारे बाईंना.’
‘त्या नाही आल्या अजून.
तोंड बांधून येतात त्या.’

मी सावलीत उभी राहिले जरा,
बघू, येतात का.