सोळाशेला एक

ससून डॉकच्या मागच्या गल्लीत
परकारशेठचा बर्फाचा कारखाना.
भिंतीपलीकडे अमोनियाचा वास, लाद्यांचे साचे.
अलीकडे पॅनेलची खोली,
आत पाऊल टाकलं की चष्मा धुकट.

दार उघडण्याआधी वाघुळदे हात पालथा करून धरायचे
पत्र्यापासून चार बोटं लांब,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसा.
"बाराशेच्या वर आहे," म्हणाले.
मीटर म्हणत होता बाराशे चाळीस.
शेठ म्हणत होते, मीटर पळतो.

एवढा प्रवाह कुणी ओंजळीत धरून मोजत नाही.
तांब्याच्या पट्टीभोवती लोखंडाचं कडं,
कड्यावर सोळाशे वेढे.
पट्टीतून सोळाशे गेले तर वेढ्यांतून एक.
मधे सांधा नाही, शिवाशिव नाही,
नुसता शेजार
आणि त्याचा हिशोब.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती:
पट्टी चालू असताना वेढ्यांची टोकं उघडी सोडायची नाहीत.
लवंगांच्या डबीत ते पितळेचा तुकडा बाळगायचे.
मीटर सोडवण्याआधी
दोन्ही टोकांवर तो आवळायचा.
"त्याला वाट ठेव.
वाट नसली की हाच गरीब एक अँपिअर
हजारो व्होल्ट होऊन अंगावर येतो."
त्यांच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.
मी कधी विचारलं नाही.

पडताळणीचा पट्टा त्या दिवशी मी गुंडाळला,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे,
घाम बोटांत साचलेला.
दाव्याएवढा जाड पट्टा, आत लोखंड नाही,
तोंडाशी खटका.
आकडा: बाराशे एकोणीस.
परत लावला. बाराशे एकोणीस.

परकारशेठनी पत्र्याच्या टेबलावर थाप मारली,
"बघा! दोन वर्षं बोंबलतोय मी!"
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
सहा महिन्यांची टेस्टिंग इंजिनीअर,
आणि मीटर पकडला.
शेरा लिहायलाही घेतला मी,
एक पूर्णांक सात टक्के जास्त.

वाघुळदे आकड्याकडे बघतच नव्हते.
"ह्याचं तोंड कुठाय?"

तोंड शेजारच्या फेजला टेकून होतं.
पट्ट्याची दोन टोकं जिथे जुळतात
तिथे नखाएवढी फट राहतेच.
त्या फटीतून
शेजारच्या घरचं बोलणं आत येतं,
आणि आपण ते आपलं म्हणून लिहून घेतो.

"फिरव."
अर्धा फेरा.
बाराशे अडतीस.

शेठ बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "माझे एकोणीस अँपिअर गेले म्हणायचे?"
"ते नव्हतेच कधी, शेठ."

राहिले दोन.
मी वही मिटायला लागले तर म्हणाले,
"लिही तेही."
"दोनच तर आहेत."
"चिन्हासकट लिही. धन की ऋण हे कळलं
की चूक उपयोगाला येते.
बिनचिन्हाची चूक म्हणजे नुसती कुरकुर."

धन. शून्य पूर्णांक एक सहा टक्के.
त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं
की हा पट्टा स्वतःच अर्धा टक्का इकडे-तिकडे होतो.
मीटर बरोबर आहे, असं नाही लिहिलं.
लिहिलं: ह्या पट्ट्याला दिसेल
एवढी चूक आढळली नाही.

नंतर पुष्कळ सर्टिफिकिटं केली मी,
महागडी यंत्रं आली, दशांशाचे आकडे लांबत गेले.
इतकं स्वच्छ वाक्य
मला अजून जमलेलं नाही.

निघताना शेठनी पाव लादी बर्फ दिला,
ओल्या गोणपाटात, राग नाही हे दाखवायला.
टॅक्सीच्या डिकीत तो भायखळ्यापर्यंत ठिबकत आला.
लॅबच्या पायरीवर आम्ही गोणपाट सोडलं.
किती उरला होता,
ते दोघांनीही मोजलं नाही.