छापा-काटा

लबनचा रिकामा खोका उभा चिरते,
धुते, पुसते, शब्दकोशाखाली रात्रभर दाबून ठेवते.
सकाळी आतली चांदी सपाट झालेली असते.
ही माझी पाटी.

काटा दवाखान्यातला.
दाढेतली कीड चाचपायचा; टोक वाकलं म्हणून
डॉक्टर मोहनननी टाकून दिलेला.
मी तो रुवीहून पर्समध्ये घालून आणला,
चोरी केल्यासारखा.

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
मत्रहच्या धक्क्यावर बसते.
आधी वहीत, पेन्सिलीने.
डोंगर काही केल्या येत नाही.
अंगावर झाड नाही, गवत नाही,
नजरेला टेकायला जागा नाही.
सावली धरावी तर
पेन्सिलीला टोक काढेपर्यंत
ती बुरुजावरून उतरून गेलेली.
बोटी सोप्या. हलतात, पण परत जागेवर येतात.
आणि पांढरी घरं तर काढायचीच नसतात.
भोवतालचं खरवडत जायचं,
कागद उरेल तिथे घर.
एवढं कळायला अकरा खोके गेले.

शाई चोळायची, जुन्या मच्छरदाणीच्या बोळ्याने पुसायची,
ओला कागद, वर पंचा,
खाली पोळपाट.
पोळीला हात हलका लागतो. इथे
टाचा उचलून सगळं वजन लाटण्यावर.
ऑगस्टात एसी चालू ठेवला तर कागद वाळतो,
बंद केला तर हनुवटीचा घाम थेट समुद्रात.

पहिला छापा : डोंगराच्या जागी चिखल.
दुसरा : आभाळात माझा अंगठा.
तो राहू दिला. इथे ढग
एरवी कुठे येतात?
सातव्या छाप्यानंतर रेघा बसतात,
चांदी थकते. खोका कचऱ्यात.

मग एकदा बाजारातली गल्ली कोरली.
कापडाचं दुकान, पाट्या, वायरी, पायरीवरचं मांजर,
जसं दिसलं तसं, मन लावून.
कागद उचलला तर निहार म्हणाला,
“आई, अरबी उलटं आलंय.”
तो शाळेत शिकतो, त्याला कळतं.
मला ती अक्षरं म्हणजे नुसती वेलबुट्टी होती,
उलटी काय, सुलटी काय.

त्याचे केस कापायला नेलं त्या संध्याकाळी
तो कागद माझ्या मांडीवर, पिशवीतून अर्धा बाहेर.
शफिउल, चितगावचा, कात्री थांबवून बघत राहिला.
“ये तो मेरा रास्ता है.”
एकोणीस वर्षं
त्याचं तोंड आरशाकडे, पाठ दाराकडे.
त्याच्या गल्लीत
कापडाचं दुकान कायम डावीकडे,
आणि पाट्या अशाच, याच बाजूने पळणाऱ्या.
“एकदम सही,” म्हणाला. “एक भी गलती नहीं.”

मी म्हटलं, घ्या.
त्याने तो मागच्या भिंतीवर चिकटवला,
वळून आरशात पाहिलं,
आणि त्याचा चेहरा पडला.
खुर्चीतला म्हातारा ओमानी, गालावर फेस,
आरशातूनच दुकानाचं नाव मोठ्याने वाचू लागला,
बरोबर वाचत होता.
शफिउल मान हलवत राहिला,
“अब गलत हो गया.”
मग कागद सोडवला, एक कोपरा फाटला,
आणि थेट आरशाच्या काचेवर लावला, टाल्कच्या डब्याशेजारी.
आता एक गल्ली चालते,
एक थांबलेली, आणि दोन्ही त्याच्या.

घरी येताना निहारने विचारलं,
मग खरी कुठली?
मी त्याच्या मानेवरचे केस झटकत राहिले.

या शुक्रवारी पर्समध्ये काट्याबरोबर
पावडरचा छोटा आरसाही होता.
धक्क्यावर बसले, डोंगराकडे पाठ करून.
आरसा वर धरला, जरा तिरका,
एक चिमणी बोट जाऊ दिली.
आणि तो आला. तळहाताएवढा,
बुरुजासकट, सगळा उघडा,
माझ्या मनगटातल्या नाडीबरोबर
किंचित हलत.
मी काटा टेकवला.