आग्नेल, टाकी भरण्याआधी

पहिली गोष्ट, आग्नेल: घाई करू नकोस.
दुसरी मी विसरले. बहुतेक तीही हीच होती.

दोन फुटांची काच आणलीस ना कोल्हापूरहून?
लहान आहे. लहान समुद्र लवकर बिघडतो,
थोड्या पाण्यात चूक पातळ होत नाही.
टेबलाखाली आत्ताच पाचर मार, सपाटी बघ.
भरल्यावर ती तुझ्या बापालाही हलायची नाही.

धक्क्यावरून कळशी भरून आणू नकोस.
दिसतं निळं, पण त्यात ट्रॉलरचं डिझेल असतं,
आणि श्रावणात खाडी उतरते, सगळं मचूळ करून टाकते.
मी तेच ओतलं होतं पहिल्या टाकीत,
झेरॉक्सच्या दुकानात, मशीनला लागून.
म्हटलं, समुद्र फुकट आहे.
तू पिशवीतलं मीठ घे, फिल्टरचं पाणी घे,
आणि मोज. एक पूर्णांक शून्य दोन पाच.
वहीत लिही, तारखेसकट.

दगड कोरडा घे, मेलेला.
त्यावर वाळू, पंप, आणि एक सोललेली कोळंबी.
कुजू दे तिला.
येणारे-जाणारे विचारतील, टाकीत काय आहे?
सांग, वाट बघणं आहे.
सहा आठवडे. अमोनिया चढेल, मग नायट्राइट,
मग दोन्ही एके दिवशी शून्यावर येऊन बसतील.
मधल्या काळात काच चहाच्या कपासारखी तपकिरी होते.
घरचे गटार म्हणतील. म्हणू दे.
तो मेलेला दगड आतून जिवंत होत असतो,
आवाज नाही करत.

मी नाही थांबले.
नवव्या दिवशी पाच मासे आणले, एकदम,
केशरी, निळे, एक पिवळा.
सकाळी शटर वर केलं
तर चार तरंगत होते, पाचवा दगडाच्या फटीत.
मी तिथंच बसून रडले.
आई टोपली घेऊन बाजाराला निघालेली, थांबली.
"गो हेमांगी, एका बोटभर माश्यासाठी रडतंस?
ह्या टोपलेत बघ, शंभर मेलेले आसत. त्येंका कोण रडतलो?"
तिचं बरोबर होतं. बांगड्यांचे डोळे अजून चकाकत होते.
मला उत्तर आलं नाही.
आजही नीट येत नाही. एवढंच, की
तिचे मासे समुद्राच्या भरवशावर जगले होते,
माझे माझ्या.

तेव्हा आधी गोगलगायी सोड, काच चाटणाऱ्या.
मग महिन्याने एक मासा. एक म्हणजे एक.
टाकीतच जन्मलेला घे, त्याला समुद्र आठवत नाही.
किल्ल्यामागच्या खडकावरचं पोवळं मात्र नाही,
बोटभरसुद्धा नाही.
कायदा आहे म्हणून, आणि कायदा नसता तरी.
ते बघायचं तर मे महिन्यात गॉगल लाव, पाण्यात डोकं घाल,
बघ, आणि रिकाम्या हाताने परत ये.

खायला चिमूटभर. मासा कायम उपाशी असल्याचं सोंग करतो,
आमच्या मांजरासारखं.
पाणी उडतं, मीठ उडत नाही,
म्हणून पातळी उतरली की गोडं पाणी घाल.
हे सगळ्यांना उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं.
हात घालण्याआधी साबण पूर्ण धू.
आणि बॅटरीचा पंप आधी घे, मासा नंतर;
जूनमध्ये इथे वीज जाते ती दुपारपर्यंत परतत नाही.
एकदा मी रात्रभर तांब्याने पाणी वरून ओतत बसले होते,
हवा मिसळावी म्हणून. पहाटे आई उठली,
काही न बोलता दुसरा तांब्या घेतला.

आता तिचे गुडघे गेलेत, बाजार सुटला.
दुकानात स्टुलावर बसते, काचेला नाक लावून.
गिऱ्हाइकाचं आधारकार्ड माझ्या हातात, आणि ती विचारते,
"ह्येनी खाल्ल्यान काय गो आज?"

आठव्या महिन्यात दगडावर जांभळा ठिपका दिसेल,
नखाएवढा. पुसू नकोस, ते घाण नव्हे.

दर रविवारी दहा टक्के पाणी बदल.
आणि मला फोन कर.
कुठला मासा बघून ठेवलायस ते नको सांगूस,
अमोनिया किती आला ते सांग.