मोकया

नेहेते गुरुजींचा अ‍ॅम्प्लिफायर
पुन्हा माझ्या टेबलावर.
या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा. तक्रार तीच :
बाईचा आवाज गळ्याशी अडतो.

मी एक हजार हर्ट्झ सोडले.
पडद्यावर लाट उभी राहिली
इस्त्री करून आणल्यासारखी.
विकृती अर्धा टक्का, घरघर नावाला.
सगळं कागदावर लिहून दिलं.
गुरुजींनी चष्मा लावला,
अडतीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाने वाचावं तसं वाचलं :
रीत बरोबर आहे भो,
उत्तर चुकलं.

सावद्यात मे महिन्याची दुपार.
शटर अर्धं ओढलेलं. समोरच्या वखारीत
केळीचे घड काट्यावर चढतात, वजन वहीत जातं,
आणि तरी व्यापारी एक फणी
नखाने दाबून बघतोच.

मी त्यांच्याकडे पाठ केली.
एक कपॅसिटर काढला,
तोच परत बसवला. त्याच जागी.
राळेचा धूर जरा जास्तच काढला.
नवा टाकला, म्हणालो.

कॅसेटवर निळी शाई : मंदाताई, कानबाई, ८८.
ताई बऱ्हाणपूरला असते, वाटणीनंतर बोलत नाही.
हे त्यांनी नाही, गावाने सांगितलं.
त्या वयात चार हजाराच्या वरचं
फारसं ऐकूही येत नाही.
हे पुस्तकाने सांगितलं.

ताई गायली. मागे कुणाच्या तरी बांगड्या,
एक भांडं पडलं.
गुरुजींनी डोळे मिटले.
आता कसा मोकया झाला, पाह्य!
आणि कॅसेट आतच ठेवून,
सकाळी नेतो म्हणून, उन्हात निघून गेले.

रात्री अकराला थ्री-फेज आली.
शेतांत मोटारी चालू झाल्या,
दुकानातला दिवा पिवळा पडला,
मीटरवर एकशे नव्वद.
पुन्हा मोजलं. अर्धा टक्का.
जुना सांधा सुका असेल,
माझ्या डाखाने नकळत जुळला असेल,
असं म्हणायला आकडा तयार नाही.

मग मीटर बंद केला
आणि खुर्चीला पाठ टेकून कॅसेट लावली.
भांडं पडलं. बांगड्या.
आणि ताईचा आवाज.

नाशिकला आयटीआयमध्ये पोरं हसायची
म्हणून मी य टाकून ळ शिकून आलो.
पण मला ऐकू आला तो
मोकळा नव्हता.
मोकया होता.

सकाळी ते येतील.
बिलात कपॅसिटरसमोरची जागा
मी अजून कोरी ठेवलीय.